चार दिवस की सात? तासगावच्या पत्त्यावर तारखेचा हिशोब

मोबाइलवर वस्तू निवडली, पत्त्याच्या रकान्यात ४१६३१२ हे सहा आकडे टाकले की क्षणात पडद्यावर ओळ उमटते : ‘शुक्रवारपर्यंत पोहोचेल’. तासगावातल्या गिऱ्हाइकाचे पुढचे सगळे या ओळीवर ठरते. वस्तू इथूनच मागवायची, की त्यासाठी सांगलीला चक्कर मारायची? लग्नाच्या आहेराची साडी वेळेवर येईल का? मोटरीचा सुटा भाग येईपर्यंत बागेला पाणी कसे द्यायचे? ऑनलाइन दुकानात वस्तू हाताळून बघता येत नाही, दुकानदाराचा चेहरा दिसत नाही. तिथे गिऱ्हाइकाला मिळणारे पहिले वचन म्हणजे ही तारीख.

ती कुठून येते, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. अनेकांचा समज असा की अंतर भागिले वेग, झाले उत्तर. प्रत्यक्षात अंतराचा वाटा त्यात फार थोडा असतो. भरवशाची तारीख निघते त्याच भागात आधी गेलेल्या पार्सलांच्या नोंदींवरून. त्या नोंदी जितक्या खऱ्या आणि जितक्या स्थानिक, तितकी ती पक्की. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला असा भरवसा बऱ्यापैकी मिळू लागला आहे. तालुक्याच्या गावांना तो अर्धामुर्धाच मिळतो, आणि त्याचे कारण रस्त्यात कमी, हिशोबात जास्त आहे.

सहा आकडे काय सांगतात

हिशोबाची सुरुवात पिन कोडपासून होते आणि ही पद्धत घडवली एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते. संस्कृत कवी आणि नाटककार म्हणूनही त्यांची ओळख मोठी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी त्यांची योजना देशभर लागू झाली. गावांची नावे सारखी, पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत, अक्षर लागत नाही, अशा टपालाची हाताने छाननी करणे कर्मचाऱ्यांना अवघड जात होते. बोरगाव तासगाव तालुक्यात आहे, तसे वाळव्यातही आहे. आकड्यांनी हा गोंधळ मिटवला.

पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड चाराच्या विभागात येतात. पहिले तीन आकडे मिळून टपालाच्या छाननीचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय दाखवतात. देशात दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये आहेत, पिन कोड मात्र एकोणीस हजारांच्या आसपास. म्हणजे एका पिनमध्ये गावाबरोबर भोवतालच्या वाड्या-वस्त्याही मोडतात.

घोटाळा होतो तो पहिल्या तीन आकड्यांवर सगळी भिस्त ठेवली की. तासगाव ४१६३१२, मिरज ४१६४१०, जत ४१६४०४. याच सांगली जिल्ह्यातले विटे मात्र ४१५३११ आणि इस्लामपूर, म्हणजे आताचे ईश्वरपूर, ४१५४०९. ही दोन्ही साताऱ्याच्या ४१५ मध्ये. त्याच ४१५ मध्ये घाटाखालचे रत्नागिरीही आहे, ४१५६१२. इकडे ४१६ मध्ये तासगावच्या जोडीला मालवण (४१६६०६) आणि सावंतवाडी (४१६५१०) येतात. ‘४१६ साठी पाच दिवस’ असा सोपा तक्ता एखाद्या विक्रेत्याने केला, तर घाटमाथ्यावरच्या द्राक्षबागा आणि समुद्राकाठचा किल्ला एकाच रांगेत बसतात, आणि तासाभराच्या रस्त्यावरची विटे-तासगाव ही जोडी वेगवेगळ्या रांगांत जाते. पिन कोडची ही चूक नव्हे. तो टपालाच्या छाननीसाठी आखला होता, आणि त्या छाननीची वाट आजच्या खासगी ट्रकांच्या वाटेशी जुळेलच असे नाही.

वेळापत्रकाचे दिवस

लांबून वस्तू मागवण्याची सवय या मुलखाला इंटरनेटने लावलेली नाही. व्हीपी, म्हणजे वस्तू हातात पडल्यावर पोस्टमनला पैसे देण्याची सोय, भारतीय टपाल खात्यात १८७७ पासून होती. पुस्तके, औषधे, घड्याळे, बियाणे अशी कितीतरी खरेदी त्या वाटेने खेड्यापर्यंत पोहोचली. तासगावपासून जवळच, कुंडल रोड स्थानकाशेजारच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने कारखाना आणि वसाहत उभारली. लोखंडी नांगरासारखा जड माल बनवून दूरवर पाठवायचा, तर रेल्वेचे स्थानक दाराशी हवे. माल कधी पोहोचेल, हा विचार तिथे जागा निवडण्यापासूनच होता.

पुढे एसटी आली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली आणि हळूहळू एसटीचे पार्सल हा गावोगावचा व्यवहार झाला. आजही तासगावच्या स्टँडवर किंवा खासगी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात खोके देणारा माणूस एकच प्रश्न विचारतो : गाडी किती वाजता सुटणार? रात्री सुटलेली गाडी सकाळी मुंबईत पोहोचते, आणि उतरवून घेणारा तिथे उभा असतो. इथे अंदाज करावाच लागत नाही. एकच गाडी, एकच हस्तांतर आणि ठरलेली वेळ.

मुंबईच्या डबेवाल्यांचे यशही याच जातीचे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या सेवेत डबा तीन-चार हातांतून जातो, तरी जेवणाच्या सुट्टीत जागेवर असतो. रोज तीच घरे, तीच लोकल, त्याच खुणा. कामात चढउतार कमी असला की तारखेत वा वेळेत चूकही कमी होते. ऑनलाइन दुकानाला नेमका हा स्थिरपणा मिळत नाही. आजचा गिऱ्हाईक पुन्हा कधी येईल माहीत नाही, वस्तू कुठल्या गोदामात आहे हे रोज बदलते, आणि एका पार्सलचा प्रवास पाच-सात टप्प्यांचा असतो.

चार दिवसांत पार्सल चालते किती?

हे टप्पे जवळून पाहण्यासारखे आहेत. समजा, सोमवारी दुपारी साडेतीनला तासगावहून मिक्सरची मागणी गेली आणि मिक्सर भिवंडीच्या गोदामात आहे. तिथल्या दिवसाच्या मागण्या दुपारी दोनला बंद होत असतील, तर हे काम मंगळवारच्या यादीत गेले. मंगळवारी वस्तू रॅकवरून काढली, खोक्यात भरली, लेबल चिकटवले. संध्याकाळी कुरिअरची गाडी पिकअपला आली. रात्री हबमध्ये छाननी झाली आणि पार्सल कोल्हापूर-सांगलीकडच्या बॅगेत पडले. लांब पल्ल्याचा ट्रक निघाला. बुधवारी मधल्या हबमध्ये बॅग फुटली, पुन्हा छाननी झाली. गुरुवारी पहाटे लहान गाडीने ती तासगावच्या वाटप केंद्रात आली, आणि सकाळी डिलिव्हरी बॉयच्या पिशवीत मिक्सर पडला.

मुंबई ते तासगाव हे अंतर चारशे किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे तीन-चार दिवसांत पार्सल प्रत्यक्ष चालले ते जेमतेम एक रात्रभर. बाकी सारा वेळ ते कुठेतरी थांबलेले होते : छाननीच्या रांगेत, भरायच्या ट्रकच्या प्रतीक्षेत, बंद शटरमागे. त्यामुळे उशीर तासातासाने वाढत नाही, तो उडी मारून वाढतो. ट्रक दहा मिनिटांनी हुकला, तर उशीर दहा मिनिटांचा होत नाही, पुढच्या ट्रकपर्यंतचा, म्हणजे बहुधा एका दिवसाचा होतो. अशी दोन हस्तांतरे चुकली की गुरुवारचा शनिवार होतो, आणि मध्ये रविवार आला तर सोमवार.

म्हणून तारखेचा हिशोब तीन तुकड्यांत करणे हिताचे : विक्रेत्याची तयारी, मधला प्रवास आणि गावातले वाटप. पहिल्या तुकड्यावर विक्रेत्याचा पूर्ण ताबा असतो, आणि कित्येक लहान दुकाने नेमकी तोच मोजायला विसरतात. कुरिअर कंपनी ‘तीन दिवस’ म्हणते ती पार्सल तिच्या ताब्यात आल्यापासून. गिऱ्हाईक मोजतो पैसे भरल्यापासून.

तासगाव माल मागवते तसा पाठवतेही. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तासगावची बाजार समिती बेदाण्याच्या सौद्यांसाठी देशभर ओळखली जाते. आता शेतकरी आणि तरुण व्यापारी किलो-दोन किलोचे डबे थेट गिऱ्हाइकाला पाठवू लागले आहेत. शिवाय खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली गलाई व्यावसायिकांची कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर विखुरलेली आहेत. केरळपासून बंगालपर्यंत गावाकडच्या बेदाण्याला हक्काचे गिऱ्हाईक आहे. अशा विक्रेत्याच्या तयारीत काय काय येते? शीतगृहातून पेटी काढणे, प्रतवारी, वजन, डबाबंद करणे, पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून दुहेरी वेष्टन. पिकअपची गाडी दुपारी चारला येते आणि पेटी शीतगृहातून संध्याकाळी येते असे असेल, तर वेबसाइटवर ‘आज मागवा, आज रवाना’ लिहिण्यात अर्थ नाही.

सरासरी फसवते

मधल्या प्रवासाचा अंदाज बांधताना सगळ्यात मोठी चूक सरासरीने होते. उदाहरणादाखल तासगावहून एकाच शहरात गेलेली दहा पार्सले घ्या. तीन पार्सलांना तीन-तीन दिवस लागले, चारांना चार-चार, दोनांना पाच-पाच, आणि एक चुकीच्या बॅगेत जाऊन भलत्याच शहराला भेट देऊन बाराव्या दिवशी पोहोचले. बेरीज सत्तेचाळीस, सरासरी ४.७ दिवस. पण ४.७ दिवसांत पोहोचलेले पार्सल यात एकही नाही. ते एक भरकटलेले वगळले, तर सरासरी ३.९ वर येते. एका पार्सलने जवळपास एका दिवसाचा फरक पाडला.

विक्रेत्याने प्रश्नच बदलायला हवा. ‘साधारण किती दिवस लागतात?’ हे विचारून भागत नाही. ‘दहापैकी नऊ जणांना किती दिवसांच्या आत मिळाले?’ हे विचारायला हवे. वरच्या नोंदीत चार दिवसांचे वचन दिले, तर दहातल्या तिघांची निराशा होते. पाच दिवसांचे दिले, तर एकाचीच. एका दिवसाने गिऱ्हाइकाचा अनुभव पार बदलतो. मोठ्या कंपन्यांची गणिते किचकट असली, तरी त्यांच्या मुळाशी असाच प्रश्न असतो : किती टक्के वचने पाळायची?

मग सरसकट पंधरा दिवस लिहून मोकळे का होऊ नये? कारण लांबची तारीख पाहून गिऱ्हाईक दुसरीकडे जातो, आणि जो थांबतो त्याच्या घरी पार्सल चौथ्याच दिवशी येते तेव्हा तो परगावी असतो. लवकर आलेले पार्सलही चुकलेल्या अंदाजाचाच नमुना असते. म्हणून एका तारखेपेक्षा ‘गुरुवार ते शनिवार’ अशी पट्टी जास्त प्रामाणिक ठरते, फक्त ती नोंदींवर बेतलेली हवी.

उशीर झाल्यावर काय सांगायचे, हा या हिशोबाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. पाचवा दिवस उलटला तरी पार्सल आले नाही, तर ट्रॅकिंगमध्ये रोज नव्याने ‘उद्या पोहोचेल’ झळकत राहते. वरचीच दहा पार्सले पुन्हा पाहा. पाच दिवसांत जी यायची ती नऊ येऊन गेली. जे उरले त्याला अजून सात दिवस लागणार आहेत. म्हणजे ठरलेली वेळ टळली की उरलेली प्रतीक्षा कमी होत नाही, बहुतेकदा वाढते, कारण मागे राहिलेल्या पार्सलचे काहीतरी बिघडलेले असते. त्या क्षणी गिऱ्हाइकाला उपयोगी पडते ती सरळ माहिती : पार्सल शेवटचे कुठे दिसले, शोध कोण घेत आहे, आणि अमुक दिवसापर्यंत आले नाही तर दुसरे पाठवणार की पैसे परत देणार.

मळ्यातला पत्ता

तिसरा तुकडा गावातल्या वाटपाचा. तासगाव शहरातल्या पेठेत घर शोधायला अडचण नाही. पण सावळज, मणेराजुरी, येळावी, विसापूर, चिंचणी भागात कितीतरी कुटुंबे गावठाणात राहत नाहीत, मळ्यात राहतात. पत्त्यात लिहिलेले असते : अमुक मळा, तमुक फाट्याजवळ, पाण्याच्या टाकीच्या पुढे. गावात एकाच आडनावाचे दोन-तीन मळे असतात. डिलिव्हरी बॉय फोन लावतो. गिऱ्हाईक बागेत असते, रेंज येते-जाते, ओटीपी उघडत नाही. मग ‘फाट्यावर या, घेऊन जा’ असा तोडगा निघतो, किंवा पार्सल दुसऱ्या दिवसावर जाते. काही कंपन्यांच्या यादीत अशा वस्त्यांवर ‘आऊट ऑफ डिलिव्हरी एरिया’ असा शिक्काच असतो, आणि ते गिऱ्हाइकाला पैसे भरताना कुणी सांगितलेले नसते.

तारीख बिघडवणारी एक गोष्ट इथेच जन्मते. दिवसाचा कोटा संपला, अंधार पडला, आणि न गेलेल्या पार्सलापुढे ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद झाली, तर गिऱ्हाइकाला मनस्ताप होतोच, शिवाय पुढचा अंदाजही नासतो. संगणकाला वाटते, विलंब गिऱ्हाइकामुळे झाला. त्याच्या लेखी वाटप वेळेवरच होते. त्या भागाची खरी गरज, म्हणजे आणखी एक माणूस किंवा दिवसाआड ठरलेली फेरी, त्याला कधी कळतच नाही. पेट्रोल आणि पार्सलमागे ठरलेले पैसे यांचा मेळ घालत विखुरलेल्या वस्त्या फिरणाऱ्या पोरांवर सगळा दोष टाकून हे सुटणारे नाही. मळ्यातली दहा पार्सले आणि पेठेतली दहा पार्सले यांना सारखाच वेळ धरणारा तक्ता मुळात चुकीचा आहे.

पत्त्याचा गुंता सोडवण्यासाठी टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन पुढे आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र यांच्या साथीने घडवलेल्या या पद्धतीत साऱ्या देशाचे सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांची खूण आहे. पिन कोड पोस्टापर्यंत नेतो, डिजिपिन उंबऱ्यापर्यंत नेऊ शकतो. मळ्यातल्या घराला त्याचा फायदा शहरातल्या फ्लॅटपेक्षा कितीतरी जास्त. मात्र कुरिअर कंपन्या आणि ऑनलाइन दुकाने यांनी पत्त्याच्या रकान्यात त्याला जागा दिली आणि वाटपाच्या नोंदी त्याच्याशी जोडल्या, तरच तारखेवर परिणाम दिसेल.

पंचांग आणि पूर

तारखेला स्थानिक पंचांगही लागते. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तासगावात रथोत्सव असतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेल्या गणपती मंदिरापासून दोरांनी ओढला जाणारा उंच रथ निघतो आणि हजारो भाविकांनी रस्ते भरून जातात. त्या दिवशी पेठेत पार्सलची गाडी फिरवणे शक्य नसते. दसऱ्याच्या रात्री कवठे एकंदची आतषबाजी पाहायला पंचक्रोशी लोटते. या तारखा वर्ष-वर्ष आधी ठाऊक असतात. तरी देशपातळीवरच्या सुट्ट्यांच्या यादीत त्या नसतात, म्हणून संगणक रथोत्सवाच्या दिवशीही पार्सल पोहोचवण्याचे वचन देत राहतो.

पुराचे मात्र पंचांग नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सांगलीची बाजारपेठ पाण्यात गेली आणि कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग दिवसचे दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये तो पुन्हा बंद पडला. तासगाव शहर कृष्णाकाठी नाही, तालुक्याचा पूर्व भाग तर दुष्काळीच. पण माल येण्याच्या वाटा सांगली, भिलवडी, पलूस या बाजूंनी येतात. गावात पाणी शिरले नाही तरी पार्सले अडकतात. अशा वेळी मागच्या महिन्याच्या नोंदींवरून चालणारा हिशोब निकामी ठरतो. शहाणा विक्रेता त्या दिवसांत तारीख दाखवणेच थांबवतो आणि कारण लिहितो. शिवाय पूर ओसरल्यावर त्या आठवड्याच्या नोंदी बाजूला काढाव्या लागतात. नाहीतर पुढचे दोन महिने ‘पंधरा दिवस लागतील’ असे उगाच दिसत राहते.

समुद्रापारही असेच घडले. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि युरोपकडे निघालेली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. सांगली-नाशिकच्या द्राक्ष निर्यातदारांच्या प्रवासात दहा-चौदा दिवसांची भर पडली, तीही ऐन हंगामात. शीत कंटेनरमधल्या घडांचे टिकाऊपण दिवसांत मोजायचे असते, त्यामुळे मालाची काढणी, गोडीची पातळी आणि खरेदीदाराला दिलेली तारीख, सगळेच फिरवावे लागले.

दोन दिवसांची किंमत

तारीख चुकली तर काय बिघडते, असे शहरात म्हणता येईल. द्राक्षपट्ट्यात तसे म्हणता येत नाही. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेल्या ‘तास-ए-गणेश’ वाणाने ज्या तालुक्याचे नाव देशभरच्या बागांत नेले, तिथे फळछाटणीनंतरचे दिवस जीव मुठीत धरून काढावे लागतात. पोंग्यात किंवा फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला की डाऊनी या रोगाचा धोका असतो आणि फवारणी त्या एक-दोन दिवसांतच व्हावी लागते. २०२२ च्या अखेरीस केंद्र सरकारने नियम बदलून परवानाधारकांना कीटकनाशके ऑनलाइन विकण्याची मुभा दिली. किंमत कमी दिसत असली, तरी ऐन पावसात बागायतदार गावातल्या कृषी सेवा केंद्राकडेच जातो. तिथे औषध आज मिळते. ऑनलाइन दुकानाची ‘बुधवार ते शनिवार’ ही पट्टी बनियन खरेदीला पुरते, डाऊनीला पुरत नाही. छाटणीच्या कात्र्या, ठिबकचे सुटे भाग, पंपाचे व्हॉल्व्ह यांचेही तेच. खरी तारीख सांगितली, तर शेतकरी आधीच ठरवू शकतो, काय मागवायचे आणि काय जवळून घ्यायचे.

वेगाचे वचन आणि कायदा

अॅमेझॉनने २००५ मध्ये अमेरिकेत ‘प्राइम’ सुरू करून दोन दिवसांत पोहोच ही अपेक्षा रुजवली; भारतात ती योजना २०१६ मध्ये आली. मोठ्या शहरांत आता वाणसामान मिनिटांत येते. वेगाच्या वचनाची किंमत काय असू शकते, हे अमेरिकेतच दिसले होते : डॉमिनोजने अर्ध्या तासात पिझ्झा पोहोचवण्याची हमी अपघातांच्या खटल्यांनंतर १९९३ मध्ये मागे घेतली. तासगावच्या गिऱ्हाइकाची मागणी मिनिटांची नाही. पाच दिवस लागणार असतील तर पाच सांगा आणि पाचव्या दिवशी या, एवढीच ती आहे.

कायद्यानेही तारखेला वजन दिले आहे. अमेरिकेत १९७५ पासून नियम आहे की विक्रेत्याने मुदत सांगितली नसेल, तर तीस दिवसांत माल पाठवायचा, आणि उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकाला कळवून मागणी रद्द करण्याची संधी द्यायची. युरोपीय संघातही वेगळे काही ठरले नसेल, तर तीस दिवसांची मर्यादा आहे. भारतात जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्ससाठी ग्राहक संरक्षणाचे नियम आले. माल पोहोचवण्याची माहिती गिऱ्हाइकाला स्पष्ट द्यावी लागते. सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. अपवाद नैसर्गिक आपत्तीसारख्या हाताबाहेरच्या कारणांचा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करण्याचे बंधन आहे. दाद मागायला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ऑर्डर देताना दिसलेल्या तारखेचा स्क्रीनशॉट ठेवला, तर या हक्काला पुरावा मिळतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गिऱ्हाइकाची दिशाभूल करणाऱ्या तेरा क्लृप्त्यांना मनाई झाली, त्यात खोटी घाई दाखवणेही आहे. मुदतीत न पोहोचवता येणाऱ्या वस्तूवर ‘एका तासात मागवा, उद्या मिळवा’ असे घड्याळ लावणाऱ्यांनी ते वाचायला हवे.

वहीतले तीन रकाने

एवढ्या गुंत्यात तासगावच्या लहान विक्रेत्याने काय करावे? महागडे सॉफ्टवेअर लागत नाही, वही पुरते. प्रत्येक पार्सलमागे तीन वेळा टिपायच्या : मागणी आली कधी, पिकअप झाले कधी, गिऱ्हाइकाच्या हाती पडले कधी. सोबत पिन कोड आणि कुरिअरचे नाव. शे-दोनशे नोंदी झाल्या की चित्र उघड होते. पुण्याला एक कंपनी बरी, ईशान्येला टपाल खात्याचे स्पीड पोस्ट बरे, शनिवारी दिलेले पार्सल सोमवारी दिल्यासारखेच, असे निष्कर्ष आपोआप निघतात. ज्या भागाच्या नोंदी दहा-वीसच आहेत, तिथे शेजारच्या पिनचा आधार घ्यायचा, पण शेजार ठरवताना पहिले तीन आकडे न पाहता माल कुठल्या हबमधून जातो ते पाहायचे. मग दहापैकी नऊ पार्सले ज्या दिवसापर्यंत पोहोचली, तो दिवस वेबसाइटवर लिहायचा, आणि दर महिन्याला तो ताजा करायचा.

कुरिअर कंपन्यांकडून मागण्यासारखेही थोडेच आहे. एका पिनमधल्या गावठाणाची आणि मळ्यांची नोंद वेगळी ठेवावी. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असे नोंदवण्याआधी फोन लागला होता का, हे यंत्रात दिसावे. गावच्या जत्रा-उत्सवांच्या तारखा वाटप केंद्राने वर्षाच्या सुरुवातीलाच वर कळवाव्यात. आणि पैसे भरण्याआधीच, पत्ता ‘आऊट ऑफ डिलिव्हरी एरिया’ असेल तर तसे पडद्यावर लिहावे, म्हणजे सावळजचा गिऱ्हाईक पार्सल तासगावच्या केंद्रावरून स्वतः आणायचे की मागणीच रद्द करायची, हे आधीच ठरवू शकेल. बेदाणा विक्रेत्यांसाठी दिवाळीच्या मागण्यांचा हंगाम सर्वांत मोठा. त्याआधीच्या श्रावण-भाद्रपदातल्या नोंदी नीट ठेवल्या, तर कोलकात्याच्या गलाईवाल्याला लक्ष्मीपूजनाआधी बेदाणा हवा असल्यास मागणी कुठल्या तारखेपर्यंत नोंदवायची, हे वेबसाइटवर आधीच ठामपणे छापता येईल.